पडद्यावरची मोटार, घरची मोटार

चित्रपटातील मोटारीवर समीक्षकाने लेखणी झिजवावी काय, असे कोणी रसिक विचारील. नटाच्या अंगावरच्या कोटाची जी योग्यता, तीच तिची, असा आपला नेहमीचा समज. परंतु पीटर येट्स याने दिग्दर्शित केलेला ‘बुलिट’ (१९६८) ज्याने पाहिला आहे, तो असे विचारणार नाही. त्याचे कथानक गुंतागुंतीचे आहे. कोणी कोणाला का मारले, हे घरी परतल्यावर नीट सांगता येत नाही. मनात राहतो तो सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा सुमारे अकरा मिनिटांचा पाठलाग, आणि त्यातील स्टीव्ह मॅक्क्वीनची गडद हिरवी फोर्ड मस्टँग.

बेताच्या अंगकाठीत दांडगे इंजिन बसवलेल्या अशा गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. त्यांच्यात नखरा कमी, रग अधिक. येट्सने ही रग नेमकी ओळखली. पाठलागाला खरा वेग येतो त्याच क्षणी लालो शिफ्रिनचे संगीत थांबते. मग ऐकू येते ती फक्त इंजिनांची गुरगुर आणि टायरांचा आक्रोश. उतारावर गाडी उडते, आपटते, आणि खुर्चीतल्या आपल्या पोटात गोळा येतो. दोष नाहीत असे नाही. एकच हिरवी फोक्सवॅगन पुनःपुन्हा वाटेत भेटते. प्रतिपक्षाच्या डॉज चार्जरच्या चाकांवरच्या तबकड्या तर चारांहून अधिक गळून पडतात! तरीही या चित्रपटाच्या संकलनासाठी फ्रँक केलर याला ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. येथे तबकड्यांचा हिशेब चुकला असेल, पण लोखंडाच्या वजनाचा हिशेब चुकलेला नाही. आपटलेली गाडी खरोखरच आपटलेली आहे.

या मोटारीची पुढची कथा मला तितकीच मोलाची वाटते. चित्रपटानंतर ती खाजगी मालकांकडे गेली आणि १९७४ साली एका सामान्य कुटुंबाने ती विकत घेतली. घरची गृहिणी शिक्षिका होती. ती याच मोटारीने शाळेत जाई. १९७७ साली खुद्द मॅक्क्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली. ती आपल्या कुटुंबात राहावी, आणि नवी न करता चित्रपटात होती तशीच राहावी, अशी त्याची इच्छा होती. कुटुंबाने गाडी दिली नाही. १९८० साली क्लच निकामी झाला, तेव्हा ती उभी राहिली ती कित्येक वर्षे. त्याच साली मॅक्क्वीनही वारला. पुढे २०१८ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती पुन्हा लोकांसमोर आली, आणि १० जानेवारी २०२० रोजी फ्लॉरिडातील लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरांची बोली लागली.

गंमत पाहा: ज्यांनी नटाला नकार दिला, त्यांनीच त्याची इच्छा पाळली. रंग उडाला, गंज चढला, पण चित्रीकरणाच्या खुणा अंगावर तशाच राहिल्या. तिला चकचकीत केली असती, तर ती हिरव्या रंगाची आणखी एक मस्टँग झाली असती.

शेवटी गाडी विकली म्हणून त्या घराला नावे ठेवण्याचे कारण नाही. पंचेचाळीस वर्षे जपणे ही काही थोडी निष्ठा नव्हे. मात्र लिलावाच्या आकड्याने दिपून जाऊन आपण एक गोष्ट विसरू नये. पाठलाग थोर ठरला तो मोटारीला मोटारच राहू दिल्यामुळे. आणि त्या घरानेही नेमके तेच केले. तिला देव्हाऱ्यात बसवले नाही, कामाला लावले. सुटीत ‘बुलिट’ पाहण्याचा योग आला, तर वाचकांनी त्या उड्या जरूर पाहाव्यात. पण त्याच गाडीचे दार उघडून सकाळी शाळेच्या वेळेला निघालेली एक बाईही क्षणभर डोळ्यांसमोर आणावी.