पहिले पुस्तक आणि दुसऱ्याची पेन्सिल



मागचं व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाला, ‘सर, माझी पहिली कादंबरी प्रकाशकांकडे आहे. संपादकांनी साठ पानं काढायला सांगितली आहेत. काढू का?’ आम्ही कादंबरी वाचलेली नाही, संपादकांना ओळखत नाही, त्यामुळे त्याला जिन्यात काही उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून आज ठरलेला विषय थोडा बाजूला ठेवून त्याबद्दलच बोलावं म्हणतो.

नवा लेखक संपादकाशी भांडतो तेव्हा आपण सरळ म्हणतो, अहंकार आहे. हे निदान फार स्वस्त आहे. त्याची भीती खरी असते. ‘हे काढलं तर जे उरेल ते माझं असेल का?’ हा प्रश्न अहंकाराचा नाही, तो ओळखीचा आहे. तत्त्वज्ञानात आम्ही ज्याला तादात्म्याचा प्रश्न म्हणतो तोच. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या तर जहाज तेच राहतं का, हे कोडं आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवलं. पण ती फळी आपल्या जहाजाची असली म्हणजे कोडं अंगावर येतं.

यासाठी आम्ही एकच उदाहरण जरा सविस्तर घेणार आहोत. अमेरिकन कादंबरीकार टॉमस वुल्फ. जन्म 1900, गाव नॉर्थ कॅरोलिनातलं अ‍ॅशव्हिल. वडील थडग्यांचे दगड घडवणारे, आई खाणावळवजा बोर्डिंग चालवणारी. न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी करत, जमाखर्चाच्या मोठाल्या वह्यांत या माणसाने पहिली कादंबरी लिहिली. तिचं नाव ‘ओ लॉस्ट’. टंकलिखित बाड अकराशे पानांच्या वर गेलं. काही प्रकाशकांनी ते नाकारलं. मग ते स्क्रिब्नर्स या संस्थेत मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाकडे पोचलं. फिट्झजेराल्ड आणि हेमिंग्वे यांचा संपादक तो हाच. 1929 च्या जानेवारीत दोघे भेटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कादंबरी ‘लुक होमवर्ड, एंजल’ या नव्या नावाने बाहेर आली, कित्येक हजार शब्द गमावून.

मधल्या महिन्यांत काय झालं ते बघण्यासारखं आहे. वुल्फने काटछाट आनंदाने मान्य केली. घरी गेला, कामाला बसला आणि नव्या हस्तलिखितासह परत आला. ते जेमतेम काही पानांनीच कमी होतं. कारण काढलेल्या मजकुराच्या दोन टोकांना जोडायला त्याने जे लिहिलं तेच वाढत गेलं! (हशा.) हसू नका, तुमच्यापैकी ज्यांनी प्रबंध लिहिला आहे त्यांना हे ठाऊक आहे.

सर्वांत मोठी कात्री लागली ती सुरुवातीला. मूळ बाडात कादंबरी सुरू होते ती नायकाच्या बापाच्या लहानपणी: गेटिसबर्गच्या लढाईकडे निघालेलं सैन्य धुळीतून जातं आहे आणि दोन पोरं रस्त्याकडेला उभी राहून बघताहेत. पर्किन्सला तो प्रसंग वाचताक्षणी आवडला होता. तरीही त्या लांबलचक भागाची छापील पुस्तकात उरली ती थोडी वाक्यं. का? पर्किन्सचं म्हणणं असं की ही यूजीन नावाच्या मुलाची कादंबरी आहे. जे घडतं ते त्याच्या जाणिवेतून, त्याच्या आठवणीतून यायला हवं. त्याच्या जन्माआधीचं युद्ध त्याने पाहिलेलं नाही.

हा युक्तिवाद वरवर तांत्रिक वाटतो, पण त्यामागे अ‍ॅरिस्टॉटल उभा आहे. जो भाग असला काय नि नसला काय, काही फरक पडत नाही, तो त्या संपूर्णाचा भाग नव्हेच, असं तो ‘पोएटिक्स’मध्ये सांगतो. पर्किन्सने लेखकाला ‘हे वाईट आहे’ असं म्हटलं नाही. ‘हे चांगलं आहे, पण ह्या पुस्तकाचं नाही’ असं म्हटलं. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाला हे वाक्य पचवायला सगळ्यात जड जातं. वाईट पान काढायला कोणीही तयार होतो हो. चांगलं पान काढायचं म्हणजे पोटात गोळा येतो.

पर्किन्स मात्र बरोबर होता का? 2000 साली मूळ ‘ओ लॉस्ट’ छापून आलं, त्यामुळे आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचता येतात. आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. मूळ बाडात बाप मोठा दिसतो. त्या पोराने पाहिलेलं युद्ध पुढे म्हाताऱ्या गँटच्या आरडाओरड्यात, त्याच्या दारूत कुठेतरी घुमत राहतं. छापील पुस्तकात बाप मुलाच्या नजरेएवढाच उरतो. म्हणजे पर्किन्सने कादंबरीची केवळ चरबी काढली नाही, दोन शक्य कादंबऱ्यांमधली एक निवडली. निवडलेली अधिक घट्ट आहे, वाचकाला धरून ठेवते, आणि ती निवड वुल्फला तेव्हा स्वतः करता आली नसती हेही खरं. पण ती निवड होती, शस्त्रक्रिया नव्हे. संपादक जेव्हा ‘मी फक्त अनावश्यक ते काढलं’ म्हणतो तेव्हा कोणत्या पुस्तकासाठी अनावश्यक, हे लेखकाने विचारलंच पाहिजे.

वुल्फने ते विचारलं नाही. इथे आमची खरी तक्रार आहे, आणि ती पर्किन्सबद्दल नाही. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी बाड आणखी अवाढव्य झालं. रात्रीमागून रात्री दोघे बसले. शेवटी 1934 साली वुल्फ शिकागोचं जागतिक प्रदर्शन बघायला गेला असताना पर्किन्सने हस्तलिखित छापखान्यात पाठवून दिलं. लेखकाच्या हातून ते सुटतच नव्हतं. 1935 मध्ये पुस्तक आलं, अर्पणपत्रिकेत पर्किन्सबद्दलची कृतज्ञता ओसंडून वाहत होती. पुढल्याच वर्षी बर्नार्ड डिव्होटो या टीकाकाराने घाव घातला: या पुस्तकाला आकार दिला तो लेखकाने नव्हे, प्रकाशनसंस्थेने. तो वुल्फच्या वर्मी लागला आणि 1937 मध्ये त्याने पर्किन्सला सोडलं. पुढच्या वर्षी तो गेला, अडतिसाव्या वाढदिवसाआधीच. मागे राहिलेल्या ढिगातून नव्या प्रकाशनसंस्थेच्या संपादकाने त्याची पुढची पुस्तकं जुळवून काढली. स्वतःचा आकार स्वतः देऊ शकतो हे दाखवायला निघालेल्या लेखकाची पुस्तकं शेवटी पुन्हा परक्याच हातांनी शिवली.

म्हणजे वुल्फ संपादन स्वीकारायला शिकला, संपादन शिकला नाही. दोन्ही एकच नव्हे. औषध मुकाट्याने घेणारा रोगी आणि पथ्य समजून घेणारा रोगी यांत जेवढा फरक, तेवढा.

याच पर्किन्सची दुसरी लेखिका बघा. मार्जोरी किनन रॉलिंग्ज. फ्लॉरिडाच्या रानात राहायला गेलेली बाई. ती तिथल्या माणसांबद्दल, शिकारींबद्दल पत्रांतून लिहायची, आणि पर्किन्सने सुचवलं की त्या रानातल्या एका मुलावर पुस्तक लिहा. एवढंच. बाईंनी लगेच लिहिलं नाही. आधी दुसरी कादंबरी लिहिली, वेळ घेतला आणि मग स्वतःच्या पद्धतीने 1938 साली ‘द यर्लिंग’ दिलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. आपण मराठी वाचक हे पुस्तक ‘पाडस’ म्हणून ओळखतो, आणि ते मराठीत आणणारे राम पटवर्धन हे स्वतः ‘सत्यकथे’चे संपादक. नवोदिताच्या कथेवर बारकाईने काम करणाऱ्या आपल्याकडच्या संपादकाने पर्किन्सच्या सूचनेतून जन्मलेलं पुस्तक भाषांतराला घ्यावं, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

आता ‘सत्यकथे’चं नाव निघालं आहे तर दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. श्री. पु. भागवत आणि पटवर्धन यांनी मराठी कथेला जी शिस्त लावली ती मोठीच. पण 1969 मध्ये लघु-अनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तीही उगाच नव्हे. चांगलं कशाला म्हणायचं हे एका अभिरुचीने ठरवायचं आणि बाकीच्यांनी तिच्या मापाने अंग आक्रसून घ्यायचं, याविरुद्धचा तो राग होता. ज्याची बोली ‘शुद्ध’ करून परत येते त्या लेखकाला ‘संपादन नम्रपणे स्वीकार’ असं सांगणं आम्हाला जमणार नाही. पर्किन्सने वुल्फची वाक्यं आपल्या वाक्यांसारखी केली नाहीत. संपादक पुस्तकात स्वतःचं काही घालत नाही, अशी त्याची धारणा होती. रचनेला हात लावणं वेगळं आणि आवाजाला हात लावणं वेगळं. पहिल्यात लेखकाने बरंच सोसावं. दुसऱ्यात त्याने पाय रोवून उभं राहावं.

आमचंही पहिलं पुस्तक प्रबंधातून निघालं होतं. संपादक वयस्क होते. पहिल्या चाळीस पानांवर त्यांनी पेन्सिलीने एकच आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘हे परीक्षकांसाठी. वाचकांसाठी कुठून सुरू होतं?’ आम्ही महिनाभर धुमसलो. मग पान एक्केचाळीसपासून घरात मोठ्याने वाचून पाहिलं, आणि पुस्तक खरंच तिथून सुरू होत होतं. आमच्या एका शब्दाच्या जागी मात्र त्यांनी रूढ पारिभाषिक शब्द घातला होता, तो आम्ही कारण देऊन परत फिरवला. त्यांनी पुन्हा वाचलं, म्हणाले, ‘असू दे, तुमचंच बरोबर.’

तर जिन्यात भेटलेल्या मित्रा, तू आज आला असशील तर ऐक. साठ पानं बाजूला काढून ठेव, फाडू नकोस. उरलेलं दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घे. आणि संपादकांना जाऊन विचार, ही साठ पानं गेल्यावर हे पुस्तक कोणाचं होतं: बापाचं की मुलाचं? त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर असेल तर ऐकून घे, मग ठरव. नसेल तर अजून थोडं भांड.

वुल्फचं एक राहिलं. 1938 च्या ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलला इस्पितळात असताना, डॉक्टरांची मनाई मोडून, त्याने पर्किन्सला पेन्सिलीने एक छोटं पत्र लिहिलं. तीन वर्षांपूर्वी चार जुलैला पर्किन्स त्याला बोटीवर घ्यायला आला होता, मग दोघे उंच इमारतीवर चढून खालचं शहर बघत उभे राहिले होते, त्या दिवसाची आठवण त्यात आहे. काटछाटीचा उल्लेख नाही.

वेळ संपली वाटतं. प्रश्न असतील तर विचारा, पण माइक आधी मागच्या रांगेत द्या.