'तृतीय रत्न' आणि दक्षिणेचे राज्य

पेशवाईत दर श्रावणात पुण्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. खजिना भरणाऱ्या कुणब्याचा तीत वाटा नसे. १८१८ साली पेशवाई बुडाली, दक्षिणा राहिली. पुढे इंग्रजांनी तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. त्यातला जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि पोटच्या जिवाच्या काळजीने ते जोडपे ऐपतीबाहेर जाऊन ब्राह्मणभोजन घालते. शिपाई नाही, फर्मान नाही. तरी वसुली होते. धर्मराज्य राज्य गेल्यावरही कसे चालते, हे या नाटकाइतके उघड क्वचितच कोणी दाखवले असेल.

विदूषक वारंवार मध्ये बोलतो, त्यामुळे रचना सैल होते, असा आक्षेप घेता येईल. पण पोथीपुढे ज्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती, त्यांच्या वतीने तो बोलतो.

कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहामुळे नाटक नाकारले गेले, असे जोतीरावांनी 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदवले आहे. ज्यांच्याविरुद्ध फिर्याद, तेच न्यायासनावर! म्हणून साहित्याचे निकष सांगितले जातात तेव्हा ते ठरवणारे कोण, हे आपण आधी विचारले पाहिजे.