मराठी ब्लॉग आणि प्रतिसादाची सत्ता

मराठी ब्लॉग आणि वाचकांनीच घडवलेले महाजाल यांच्या नात्याचा आजचा हिशेब बेंगळुरूत मांडावा लागतो. प्रतिलिपी (२०१४), शेअरचॅट (२०१५) आणि कू (२०२०) हे तिन्ही मंच याच शहरात उभे राहिले आणि तिघांनीही मराठीला जागा दिली. कोणीही लिहावे, संपादकाच्या होकारासाठी थांबू नये, ही ब्लॉगने रुजवलेली कल्पनाच त्यांचा पाया आहे. या मंचांनी लिहिणाऱ्यांची संख्या वाढवली, पण लेखन खुजे केले.

ब्लॉग लिहिण्यासाठीची ब्लॉगर ही सेवा १९९९मध्ये निघाली आणि २००३मध्ये गूगलकडे गेली. मराठीत तिचा उपयोग होण्याआधी देवनागरी टंकनाची अडचण सुटणे आवश्यक होते. युनिकोड, कन्नडसाठी जन्मलेली ‘बरह’ प्रणाली आणि ओंकार जोशी यांचे ‘गमभन’ हे टंकनसाधन यांनी ती सोडवली. मायबोली (१९९६), मनोगत (२००४) आणि मिसळपाव (२००७) या संस्थळांवर वाद घालणारे अनेक जण स्वतःच्या ब्लॉगवरही लिहीत. संस्थळ ही चावडी होती आणि ब्लॉग हे घर.

या काळातल्या ब्लॉगांनी मराठी गद्याला जे दिले, त्याची पुरेशी दखल समीक्षेने घेतलेली नाही. परदेशातील नोकरी, गावाकडची बोली, पुस्तके, पाककृती, चित्रपट, कवितांचे अनुवाद असे विषय तिथे आले, आणि लेखाची लांबी विषयाच्या गरजेने ठरली. मतभेद झाला तर दुसरा ब्लॉगर आपल्या जागेवर स्वतंत्र लेख लिही आणि मूळ लेखाचा दुवा देई. एखादा विषय ‘खो’ देत एकाकडून दुसऱ्याकडे जाई. २००८पासून ‘रेषेवरची अक्षरे’ या दिवाळी अंकाने ब्लॉगांमधले निवडक लेखन एकत्र आणले. निवडणारेही त्याच वर्तुळातले वाचक-लेखक होते. संवादी महाजालाचे खरे रूप हेच. उत्तर देणारा तिथे मूळ लेखकाच्या बरोबरीचा असे, कारण त्याच्यापाशीही स्वतःचा पत्ता आणि पुरेशी जागा होती.

आता बेंगळुरूच्या त्या तीन मंचांकडे वळू. शेअरचॅटवरच्या शुभेच्छाचित्रांत लेखकच उरत नाही, म्हणून साहित्यविचारात त्यांना स्थान नाही. लघुसंदेशांचे कू २०२४मध्ये बंद पडले. मंच मिटला की तिथले लेखनही निराधार होते, एवढाच धडा त्यातून घ्यायचा.

प्रतिलिपी या कथामंचाचा विचार मात्र गंभीरपणे करायला हवा. छापील नियतकालिकांनी कधी दार न उघडलेल्या असंख्य लेखकांना, विशेषतः स्त्रियांना, तिथे वाचक मिळाला. पण त्या वाचकाचा प्रतिसाद तारे, वाचनसंख्या आणि अनुयायी यांत मोजला जातो, आणि तो आकडा पुढच्या भागाला आकार देतो. म्हणून कथामालिका लांबत जाते, प्रत्येक भाग उत्कंठेवर तुटतो, श्रीमंत नायक आणि सोशिक नायिका पुन्हा पुन्हा परततात. ‘पुढचा भाग लवकर टाका’ ही मागणी म्हणजे समीक्षा नव्हे. जो वाचक असहमतीचा लेख लिहू शकत नाही, त्याचा सहभाग ग्राहकाचाच असतो.

ब्लॉगही गूगलच्याच आश्रयाला होते, हा आक्षेप खरा आहे. पण तिथे लेखकाला सगळा मजकूर उतरवून घेता येई, स्वतःचे नाव-पत्ता लावता येई आणि हवा तो दुवा देता येई. त्याचा लेख वाचकापर्यंत कसा पोचेल, हे कोणत्याही क्रमवारीने ठरवलेले नसे. २०१३मध्ये ब्लॉगांवरचे नवे लेख एकत्र दाखवणारा गूगल रीडर बंद झाला, वाचक फेसबुककडे वळले आणि ब्लॉग ओस पडले. लेखनाची ताकद संपल्यामुळे हे घडले नाही. वाचकाला लेखकाशी जोडणारी वाट मोडली म्हणून घडले.

ती वाट पुन्हा बांधता येते. मराठी लेखकाने मंचावर जरूर लिहावे, पण मूळ लेख स्वतःच्या पत्त्यावर ठेवावा. दुसऱ्याच्या लेखाला पसंतीचा अंगठा देऊन न थांबता लेखानेच उत्तर द्यावे. राज्य मराठी विकास संस्थेने आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी जुन्या ब्लॉगांचे जतन आताच हाती घ्यावे. या शतकाच्या पहिल्या दशकातले सर्वांत मोकळे मराठी गद्य तिथे आहे, आणि ते छापील पुस्तकांच्या ग्रंथालयात सापडणार नाही.