काबुली चणे आणि पुस्तकी विद्या

आमच्या बोरिवलीच्या घरी दर शनिवारी रात्री पोकरचा डाव बसतो. दोन पानं हातात, पाच मधे उघडी, आणि काबुली चणा एक रुपयाचा. (साधे फुटाणे खजिनदारच खातो, म्हणून काबुली.) खजिनदार मी, कारण बँकेत आहे. गेल्या वर्षी तीनशे चाळीस चणे हरलो, तेव्हा सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "आणि लोक तुमच्याकडे पैसे ठेवतात!" बी.कॉम. झालेल्या माणसाच्या हे जिव्हारी लागतं. मी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांत शिरलो.

पहिलं घेतलं डॉइल ब्रन्सनचं 'सुपर सिस्टिम'. सहाशेवर पानं. हा गृहस्थ 1976 आणि 1977 साली लास वेगासची जागतिक स्पर्धा जिंकला, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात हातात दहा-दुर्री! पुस्तक दांडगं आहे, पण ते समोरच्याला दरडावून पळवून लावणाऱ्यांसाठी. आमचे साडू पळत नाहीत. नाटक पडलं तरी तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून पडदा पडेपर्यंत बसणारा माणूस तो! मी छातीठोक ब्लफ मारला की म्हणतात, "आलोच आहे, तर बघू तरी." उलट पुस्तक चाळल्यापासून ते दहा-दुर्री सोडत नाहीत.

डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'द थिअरी ऑफ पोकर' (1987) आमच्या जातीचं, म्हणजे हिशेबी. मधे बारा चणे, मला भरायचे चार. म्हणजे सोळातले चार, चौथा हिस्सा. हातची-मधली मिळून चार बदाम जमलेत, एकच पान उघडायचंय. न दिसलेल्या 46 पानांत बदाम 9, म्हणजे जेमतेम पाचातून एकदा. तेव्हा पानं टाका! व्याजाचं गणितच की हे. पण ते मांडेपर्यंत साडू ओरडतात, "अहो, पासबुक भरताय का?"

खरं कामाचं निघालं 2004 सालचं 'स्मॉल स्टेक्स होल्डेम'. मिलर, स्क्लान्स्की आणि मॅल्मथ असे तीन लेखक. भाषा ऑडिट रिपोर्टाची. पण छोट्या डावात लोक पानं टाकत नाहीत हे यांना ठाऊक आहे. ब्लफची हौस आवरा, चांगली पानं आली की बेधडक चढवा, बघायला येणारे भरतीलच. एवढं एकच पुस्तक घेतलंत तरी चालेल.

मी ते तंतोतंत पाळलं. चार शनिवारांत एकशे ऐंशी चणे जिंकलो. पाचव्या शनिवारी वरच्या मजल्यावरचे काका आले नाहीत. गुडघा, म्हणाले. काकू गेल्यापासून त्यांनी एक शनिवार चुकवला नव्हता, आणि गुडघा तर तेव्हाही दुखतच होता. मी वर गेलो. थोड्या वेळानं म्हणाले, "तू हल्ली पानं टाकून नुसता बघत बसतोस रे. चांगली आली की तेवढा जागा होतोस. बँकेत आल्यासारखं वाटतं."

यावर तिन्ही पुस्तकांत एक ओळ नाही.

पुढच्या शनिवारी काका आले. मला सत्ती आणि दुर्री आली, तीही वेगवेगळ्या रंगांची. याहून वाईट पानं या खेळात नाहीत. मी शेवटपर्यंत भरत राहिलो. काकांकडे राजांची जोडी! बावीस चणे त्यांनी दोन्ही हातांनी ओढले, पुन्हा एकदा मोजले आणि आत हाक दिली, "सूनबाई, चहा टाक गं!"