शेंडेनक्षत्राची भीती आणि नारळीकरांची ‘धूमकेतू’

मंगलकार्याच्या आरंभी गणपतीची बारा नावे घेण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. त्या बारांत ‘धूम्रकेतू’ हेही एक नाव आहे. ज्या देवघरात सकाळी हे नाव भक्तिभावाने उच्चारले जाते, त्याच घरात संध्याकाळी आकाशात धूमकेतू उगवल्याची बातमी आली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. बोलीतले नाव तर याहून सलगीचे: शेंडेनक्षत्र. ज्याला शेंडी आहे असे नक्षत्र. इतके घरगुती नाव ज्याला मिळाले, त्याला माणसे एवढी भ्यावीत का?

याचे एक उत्तर वराहमिहिराने सहाव्या शतकातच देऊन ठेवले आहे. ‘बृहत्संहिते’तील केतुचार नावाच्या अध्यायात तो केतूंची शुभाशुभ फळे विस्ताराने सांगतो; पण त्याआधी प्रांजळपणे कबूल करतो की, केतूचा उदय आणि अस्त गणिताने कळत नाही. ग्रहणही भयंकरच, पण ते पंचांगात लिहिलेले असते. शेंडेनक्षत्र पंचांगात नसते. ते न सांगता दाराशी येऊन उभे राहणाऱ्या पाहुण्यासारखे आहे. एडमंड हॅले याने १७०५ साली आपले गणित प्रसिद्ध केले आणि ते तारांगण १७५८ मध्ये परत येईल असे वर्तवले. स्वतः हॅले तोवर हयात राहिला नाही. पण त्या वर्षीच्या नाताळच्या रात्री धूमकेतू दिसला. वराहमिहिराची अडचण तिथे संपली. भीती मात्र संपली नाही.

आपल्या बखरीतला एक दाखला या संदर्भात फार बोलका आहे. शिवाजीमहाराजांच्या निधनाचे वर्णन करताना सभासद त्या दिवशीच्या उत्पातांत धूमकेतूचाही उल्लेख करतो. महाराज गेले ते ३ एप्रिल १६८० रोजी. त्या वर्षी एक प्रचंड धूमकेतू खरोखरच दिसला. तो जगप्रसिद्ध आहे, आणि न्यूटनने पुढे त्याच्या मार्गाचे गणित मांडले. परंतु गॉटफ्रीड किर्श याने तो प्रथम पाहिला तो नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सात महिन्यांनंतर! सभासद लिहीत होता त्यानंतर पंधराएक वर्षांनी, जिंजीला बसून. त्याच्या आठवणीत त्या वर्षीचे मोठे दुःख आणि त्या वर्षीचे मोठे आश्चर्य ही दोन्ही एकाच दिवशी येऊन बसली असावीत, असा माझा तर्क आहे. त्याला खोटारडा म्हणण्याचे कारण नाही. एवढा पुरुष गेला आणि आकाशाला काहीच झाले नाही, हे त्याच्या मनाला पटेना. धूमकेतू दुःख घेऊन येतो असे आपण म्हणतो. इथे दुःखानेच धूमकेतूला सात महिने अलीकडे ओढून आणले.

या सगळ्याची आठवण झाली ती जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा पुन्हा वाचताना. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, आणि पुढच्या काही महिन्यांत ‘थ्री-आय अ‍ॅटलास’ हा दुसऱ्या ताऱ्याच्या मुलखातून आलेला पाहुणा घरोघरी बोलण्याचा विषय झाला. हे परग्रहावरचे यान आहे इथपासून ते जगबुडी आली इथपर्यंत मलकापुरातही कानांवर आले. तो पृथ्वीच्या जवळात जवळ आला तेव्हाही सुमारे २७ कोटी किलोमीटर दूर होता. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, एवढे सांगितले की पुरे.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. नावाची आद्याक्षरे उलटी केलेली. हाच खट्याळपणा ‘धूमकेतू’च्या रचनेतही आहे. दत्त नावाचा एक हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतो. सत्कार होतात. पत्नी इंद्राणीदेवी मात्र धास्तावलेली. असल्या अशुभ गोष्टीला आपल्या माणसाचे नाव लागावे, हे तिला सोसत नाही. इकडे फोर्सिथ नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ गणित करून दाखवतो की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. त्याचा निबंध छापला जाण्याआधीच सर जॉन हे सरकारी विज्ञान-सल्लागार तो थांबवतात. निवडक तज्ज्ञ गुप्तपणे जमतात, यान सोडून स्फोटाने धूमकेतूला बाजूला सारण्याची योजना आखतात, आणि ती फळाला येते. घरी इंद्राणीदेवीने यज्ञ केलेला असतो. संकट टळले ते यज्ञाने, अशी तिची खात्री. दत्तांनी डोक्याला हात लावावा, एवढेच उरते.

कथा म्हणून हिच्यातले दोष लपत नाहीत. शास्त्रज्ञांचे संवाद अनेकदा व्याख्यानाच्या वळणावर जातात. माणसे रेखाटली आहेत, रंगवलेली नाहीत. भाषा स्वच्छ, पण तिला वास नाही. विज्ञानाचा प्रसार हा हेतू लेखकाने कधी लपवला नाही, आणि तो हेतू कथेच्या मानेवर अधूनमधून बसतो. तरीही ही कथा लक्षात राहते, आणि ती का राहते याचा शोध घेताना मी एका अडचणीत सापडलो.

अडचण अशी. कथेचा रोख अंधश्रद्धेवर आहे. वाचकाने दत्तांच्या बाजूने उभे राहून इंद्राणीदेवीकडे हसून पाहावे अशी सगळी मांडणी आहे. पण घटना काय सांगतात? धूमकेतू खरोखरच संहार करायला निघालेला आहे! सबंध कथेत, कारण ठाऊक नसताना का होईना, बरोबर घाबरलेली व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे इंद्राणीदेवी. ज्यांना कारण ठाऊक आहे ते सगळे गप्प आहेत. दत्त तिच्याशी शुभाशुभावर वाद घालतात. पण जी एक बातमी तिला सांगायला हवी होती तीच शपथेपोटी गिळून टाकतात. ज्या बाईला आकडा सांगितला नाही, यान सांगितले नाही, तिने संकटनिवारणासाठी दुसरे काय करायचे होते? आणि संकट टळल्यावर श्रेय कशाला द्यायचे होते? तिला दिसलेला उपाय एकच होता. तो तिने केला आणि फळ आले. तिच्याजवळच्या माहितीवरून तिचा निष्कर्ष तर्काला सोडून आहे असे मला तरी म्हणवत नाही.

लोक घाबरून अनर्थ करतील म्हणून सत्य लपवावे, हे सर जॉन यांचे म्हणणे आहे. त्याला १९१० चा आधार देता येईल. त्या वर्षीच्या मे महिन्यात पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाणार, आणि त्या शेपटीत विषारी सायनोजन वायू आहे, अशा बातम्या छापून आल्या तेव्हा अमेरिकेत धूमकेतूवरच्या गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. शेपटी इतकी विरळ की पृथ्वीला तिचा काहीच उपद्रव झाला नाही. परंतु तिथेही लोक फसले ते अर्ध्या माहितीने, पुऱ्या माहितीने नव्हे. २०२१ च्या ‘डोन्ट लुक अप’ या चित्रपटात बाजी उलटी आहे: सगळे जाहीर आहे आणि कोणी ऐकतच नाही. नारळीकरांनी या वाटेचा विचार केला नाही. त्यांच्या शास्त्रज्ञांनी लोकांना अजमावूनच पाहिले नाही.

ही टीका नारळीकरांवर थोडी अन्यायाची आहे, हे मला कळते. कारण कथेबाहेरचे नारळीकर सर जॉनसारखे मुळीच नव्हते. फलज्योतिषाची परीक्षा घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी दाभोलकर आदी सहकाऱ्यांबरोबर ती उघडपणे घेतली. २७ ज्योतिषांकडून आलेली उत्तरे तपासली. ४६ टक्के बरोबर निघाली, म्हणजे नाणे उडवून जेवढी यावीत त्याहूनही किंचित कमी. ही आकडेवारी त्यांनी जगापुढे ठेवली. शाळकरी मुलांच्या पोस्टकार्डांना ते उत्तरे लिहीत. मग कथेतल्या बाईलाच तेवढे पोस्टकार्ड का मिळू नये?

आणि हा प्रश्न आम्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांना जरा जवळचा आहे. मलकापूरहून मोताळा, राजूरचा घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर अशी वाट धरली की लोणार येते. काळ्या बसाल्टात आकाशातून आलेल्या अशनीने खणलेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्याचे वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास मानत. पुढच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरले. आकाशातून काही पडू शकते हे आमच्याकडे कोणी सिद्ध करून दाखवायला नको, आम्ही सहल म्हणून तिथे डबे घेऊन जातो. गावाने त्या खड्ड्याची कथाही रचून ठेवली आहे: लवणासुराचा वध विष्णूने केला तो इथे. गावात दैत्यसूदनाचे सुंदर देऊळ उभे आहे. दैत्याची गोष्ट सांगणारे गाव अशनीची गोष्टही तितक्याच कौतुकाने सांगते, त्यात त्याला विसंगती वाटत नाही. आणि २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा नाना तर्क उठले खरे. पण खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी हे केले असे तपासणीनंतर सांगण्यात आले, आणि लोकांनी ते ऐकून घेतले.

नारळीकरांची कल्पना आता निव्वळ कल्पनाही राहिलेली नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या लहानशा खडकावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याच्या परिभ्रमणाचा काळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. खडक लहान, धोका शून्य, स्फोटकेही नव्हती. पण ढकलता येते हे कळले. आणि कथेतल्यासारखे हे बंद दाराआड झाले नाही. टक्कर होईपर्यंत यान छायाचित्रे पाठवत होते आणि ती घरोघरी पाहता येत होती. आमच्या शेजारच्या आजींनी ती नातवाच्या मोबाइलवर पाहिली, खडक पडदाभर झाला आणि चित्र थांबले तेव्हा ‘लागला का?’ असे विचारले, आणि लागला म्हटल्यावर दिवा लावायला आत गेल्या.