बायबलमधील संज्ञा व त्यांची मराठी रूपे
बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत (काही भाग ॲरेमाइकमध्ये) आणि नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला. मराठी वाचकापुढे त्यांतील संज्ञा संस्कृत, फार्सी वा देशी शब्दांच्या रूपाने येतात आणि ह्या शब्दांनाही स्वतःचा पूर्वेतिहास असतो. त्यामुळे अर्थनिर्णयासाठी मूळ संज्ञेची व मराठी प्रतिशब्दाची अशी दुहेरी पार्श्वभूमी पाहावी लागते.

फादर टॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराणात (१६१६) ‘वैकुंठ’सारखे पौराणिक शब्द निःसंकोचपणे वापरले. विल्यम कॅरी यांनी सेरामपूर येथून प्रसिद्ध केलेले मत्तयचे शुभवर्तमान (१८०५) आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार (१८२६) यांनी पुढील परिभाषेचा पाया घातला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सामान्य स्त्रियांस समजेल असे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे सुबोध बायबल (२०१०) हा ह्याच परंपरेतील अलीकडचा टप्पा होय.

‘करार’ म्हटले की समान पक्षांतील देवघेव सुचते. मूळ हिब्रू ‘बरीथ’मध्ये मात्र पुढाकार ईश्वराचा असतो, तिच्या ‘दियाथीकी’ ह्या ग्रीक प्रतिशब्दाचा व्यवहारातील अर्थ ‘मृत्युपत्र’ असाही होता. ‘तारण’ ह्या शब्दाने कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूची आठवण होते, तर ग्रीक ‘सोतेरिया’त सुटका व आरोग्य हे दोन्ही अर्थ आहेत. ‘पश्चात्ताप’ खेदावर भर देतो. ‘मेतानोइया’ मनाच्या पालटावर. ‘स्वर्गाचे राज्य’ ह्यातील ‘स्वर्ग’ पुण्यक्षयानंतर सोडावा लागणारा पौराणिक लोक नव्हे. ईश्वराचे नाव आदरापोटी टाळण्याच्या यहुदी प्रथेतून हा शब्दप्रयोग आला असून, त्यातील ‘राज्य’ प्रदेशापेक्षा अधिसत्तेचा निर्देश करते.

काही ठिकाणी मात्र शास्त्री-पंडितांपेक्षा किनाऱ्यावरची बोली मूळ अर्थाच्या अधिक जवळ पोहोचते. मत्तयच्या शुभवर्तमानात पेत्र व आंद्रिया फेकतात ते ‘आम्फिब्लेस्त्रॉन’ (४·१८) आणि स्वर्गाच्या राज्याच्या दृष्टान्तातील ‘सागेनी’ (१३·४७) ही दोन वेगळी साधने आहेत. मराठीत दोन्हींसाठी ‘जाळे’ हाच शब्द रूढ आहे. वेंगुर्ल्याच्या मच्छीमारास हा भेद उपजत ठाऊक असतो : पहिला ‘पाग’, एकट्याने फेकण्याचा, दुसरी ‘रापण’, अनेकांनी मिळून किनाऱ्याकडे ओढण्याची. रापणीत बरीवाईट सर्व मासळी येते आणि निवड वाळूवर आल्यानंतरच होते. दृष्टान्ताचे मर्म नेमके हेच आहे : निवाडा अखेरीस होतो, तोवर जाळे सर्वांना सामावून घेते. वेंगुर्ले येथेच जन्मलेले कवी मंगेश पाडगावकर (१९२९–२०१५) यांनीही नव्या कराराचे मराठी भाषांतर केले, ही गोष्ट येथे उल्लेखनीय आहे.

‘बाप्तिस्मा’सारखा उसना शब्द गैरसमज टाळतो, पण नवख्या वाचकाला तो काहीच सांगत नाही. परिचित शब्द चटकन बोलतो. पण कधीकधी भलतेच बोलतो. ‘वल्हांडण’ हे ह्या पेचातून निघालेल्या वाटेचे उत्तम उदाहरण होय. मिसर देशातील इस्राएली घरे ओलांडून ईश्वर पुढे गेला, हा ‘पेसाह’ सणाचा आशय ‘वल्हांडणे’ (ओलांडणे) ह्या देशी क्रियापदातून सहज व्यक्त झाला. असे शब्द थोडेच आहेत. म्हणून इतरत्र भाषांतराला विवरणाची जोड आवश्यक ठरते.