डाव्या हाताची बदली

पेटी वाजवताना उजवा हात वाहवा घेतो आणि डावा हात भाता मारतो. आमच्या बँकेतही थोडेफार असेच असते. सही एकाची, राबणूक दुसऱ्याची. वेतनकराराची थकबाकी हाती पडली, रेल्वेने एक लांबलचक खोके सेलूला उतरले आणि आमच्या घरात पॉलिफोनिक सिंथेसायझर आला. तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो या डाव्या हाताच्या नोकरीचा.

पॉलिफोनिक म्हणजे एका वेळी अनेक सूर काढणारा. मी बी.कॉम. असल्याने हे मला खिडक्यांच्या हिशेबात समजते. 1970चा मिनिमूग ही एका खिडकीची शाखा. एका वेळी एकच सूर. 1978च्या प्रॉफेट-5ला पाच खिडक्या, 1981च्या ज्युपिटर-8ला आठ, 1983च्या यामाहा डीएक्स-7ला 16. माझ्या यंत्राला 64!

"बोटं दहा, मग चौसष्ट सूर कशाला हो?" असे सौभाग्यवतींनी विचारले. शंका रास्त होती. पण पेडल दाबून धरले की सोडलेले सूरही घुमत राहतात, आणि जोडआवाज निवडला की एकेक कळ दोन-दोन, चार-चार खिडक्या अडवते. पासष्टावे गिऱ्हाईक आले की यंत्र बहुधा सर्वांत जुन्याला गुपचूप बाहेर काढते. आमच्याकडे जुना खातेदारच सर्वांत शेवटपर्यंत उभा असतो, एवढाच फरक.

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाला जुनी पेटी विकून असले यंत्र घ्यायचे होते. म्हणून बुवांना तपासणीला बोलावले. बुवांनी मांडी घातली, उजव्या हाताने षड्ज धरला आणि डावा हात सवयीने मागे नेला. मागे भिंत होती.

"साहेब, ह्याला वारा कुठून घालायचा?"

"वीज आहे ना, बुवा."

"म्हणजे हे एकटंच ओरडायलंय!"

बुवांनी वर्मावर बोट ठेवले. पेटीचा सूर लागल्यावरही भात्याने फुलवता येतो, मिटवता येतो. माझ्या यंत्रात कळ जितक्या जोराने दाबाल तितका आवाज. पुढे तो फुलवायचा तर वेगळे पेडल, वेगळे पैसे.

मात्र यंत्राने डाव्या हाताला घरी बसवलेले नाही, त्याची बदली केली आहे. डाव्या अंगाला एक चाक असते. ते फिरवले की सूर वाकतो, म्हणजे मींड निघते. सुरांमधल्या जागा घेता येत नाहीत, या कारणास्तव ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला दार बंद केले होते. ते 1971 साली किलकिले झाले. पेटीचे ते उणे या चाकाने भरून काढले आहे. बुवांनी भूपातला गंधार पंचमाकडे ओढला आणि क्षणभर भाता विसरले.

पण खोच पुढेच आहे. आधारासाठी खाली षड्ज धरला आणि चाक फिरवले, तर त्याच आवाजातला षड्जही सोबत घसरतो. 64 जण एकदम वाकतात. साहेबांच्या केबिनमध्येच मी असे दृश्य पाहिले आहे. मींड हवी तर हाताखाली एकच सूर ठेवावा, उरलेल्या 63 जणांना रजा द्यावी. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 साली ज्युपिटर-8 वगैरे यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तिथेही खिडक्या आठ असताना रागाची सुरावट एकेरीच चालते. खरे तर पेटीही अनेक सूर एकदम काढू शकते. आपण तिला ते काम क्वचितच सांगितले.

तेव्हा माझा अभिप्राय असा. वाद्य उत्तम आहे. गाण्यामागे सुरांची चादर पसरायला, बासरीपासून व्हायोलिनपर्यंतचे आवाज घरच्या घरी ऐकायला त्याला तोड नाही. पोरांना जरूर घेऊन द्यावे. पण भजनी मंडळाने पेटी विकू नये. भजनात गाणारा दम घेतो तेव्हा पेटीही दम घेते, आणि हा दम 64 खिडक्यांपैकी एकीवरही मिळत नाही. शिवाय ऐन अभंगात वीज गेली, तर बुवांचा डावा हात तरी चालू राहील.